तीन घाटांचे यजमान

तीन घाटांवरच्या तीन लहान राज्यांनी एकी केली, तेव्हा बादशहा चिडला. फौजेसह घाट उतरून त्याने तळ ठोकला आणि तिन्ही राज्यकर्त्यांना बोलावलं. समोर मुद्दाम एकच आसन मांडलं होतं.

"तुमच्यात थोर असेल त्याने बसावं. आम्ही त्याच्याशीच बोलू."

दोघे राजे एकमेकांकडे रोखून पाहू लागले. तिसऱ्या राज्याच्या चांगुणाराणीने ते पाहिलं. इथे फूट पडली की तिन्ही राज्यं बुडालीच. ती पुढे झाली.

"खाविंद, ही भूमी आमची, तेव्हा पाहुणे तुम्ही. पाहुण्यापुढे आम्ही यजमान तिघंही उभेच राहू. तुम्ही परताल तेव्हा निरोप द्यायलाही तिन्ही घाटांत उभे राहू."

बादशहाने बाहेरच्या कड्यांकडे पाहिलं आणि आणखी दोन आसनं मागवली.