कोटावरची झिजलेली जागा

उत्तरेकडच्या एका थंड डोंगरी गावात एकदा फरच्या जुन्या कोटांचा एक वृद्ध पारखी राहत असे. तसे कोट शिवण्याचे दिवस सरले होते. कोणाच्या पेटीतून एखादा निघाला, तरच तो त्याच्या दुकानाची पायरी चढे. त्याच्या हाताखाली तिशीतला एक शिष्य होता. फरवर फुंकर घालून ती कोणत्या प्राण्याची हे ओळखायला तो शिकला होता आणि शिकलेले दाखवण्याची त्याला घाई असे. "जरा दमाने फुंक," म्हातारा म्हणे, "कोट आहे तो, चूल नव्हे."

एका सकाळी एक व्यापारी आपल्या आईचा कोट घेऊन आला. आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात वडिलांनी तो आणला होता आणि पाणमांजराचा आहे असे सांगितले होते. आईनेही जन्मभर तेच सांगितले. आता त्याच्या बहिणीला शंका आली होती. खरा असला तर घरात ठेवू, व्यापारी म्हणाला. नसला तर एक नाटक मंडळी मागते आहे, तिला देऊन टाकू. खोट्या गोष्टी जपण्याचे आपले वय राहिले नाही. बोलताना तो कोटाकडे पाहत नव्हता.

शिष्याने कोट खिडकीशी नेला आणि फरवर फुंकर घातली. पाणमांजराची लव इतकी दाट असते की फुंकरीने खालचे कातडे दिसत नाही. इथे ते लगेच दिसले, कागदासारखे पातळ. केस टोकाला गडद, मुळाशी फिके. रंगवलेला ससा. तो तसे सांगणार, एवढ्यात वृद्धाने हात वर करून त्याला थांबवले. कोट आपल्याकडे घेऊन नीट न्याहाळला आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगला.

"शेटजी," तो म्हणाला, "डोळे मिटा, आणि याची फर कुठे झिजली आहे ते हाताने दाखवा."

व्यापाऱ्याला हे चमत्कारिक वाटले, पण त्याने डोळे मिटले. कोट आधी झिजतो तो कॉलरला आणि बाह्यांच्या कडांना. त्याचा हात तिकडे गेलाच नाही. तो डाव्या खिशाखाली उतरला आणि तळहाताएवढ्या उघड्या पडलेल्या जागी थांबला.

"इथे," तो म्हणाला. "लहानपणी बाजारातून येताना मी इथे गाल टेकून चालायचो. आई म्हणायची, अरे, मला पाऊल तरी टाकू दे."

त्याने डोळे उघडल्यावर वृद्धाने सरळ सांगितले, "कोट सशाचा आहे. रंगवलेला. त्या काळी दुकानदार सशाला मोठमोठी नावं देऊन विकत. तुमचे वडील फसले, की ठाऊक असून त्यांनी आणला, ते फरवरून सांगता येत नाही."

व्यापारी खुंटीसमोर उभा राहिला. मग त्याने विचारले, कसर लागू नये म्हणून हा कसा ठेवावा? वृद्धाने सुती कापडात गुंडाळायला सांगितले, आणि अधूनमधून वारा द्यायला.

तो गेल्यावर शिष्य जरा दुखावूनच म्हणाला, "माझं उत्तर बरोबर होतं, मग थांबवलंत का?"

"बरोबरच होतं. मी तरी दुसरं काय सांगितलं?" वृद्ध म्हणाला. "पण आधी 'ससा' ऐकला असता, तर त्या हाताने ती जागा शोधली नसती. केस कोणाचे ते फुंकर सांगते. ते कोणाच्या गालाने झिजले, हे ज्याचा गाल होता त्यालाच ठाऊक. फक्त त्याला कोणीतरी विचारावं लागतं. घरचं माणूस नुकतं गेलेलं असलं की लोक वस्तू खरी की खोटी एवढंच विचारत येतात. दुसरं काही विचारायचा धीर होत नाही."

शिष्य दारापाशी जाऊन उभा राहिला. व्यापारी उताराच्या वाटेने जात होता. येताना बासनात बांधून आणलेला कोट आता त्याच्या खांद्यावर होता.

आपले माणूस गेले की त्याची कपाटे कधीतरी रिकामी करावी लागतातच. घड्या घालण्याआधी त्या कपड्यांवरून एकदा सावकाश हात फिरवावा, एवढेच.