पळीत मावेल एवढं

नगर नव्हतं, राजवाडा नव्हता, राजाराणी तर औषधालाही नव्हती. होतं एक दाट हिरवं रान आणि रानाच्या कडेला एक एवढीशी झोपडी. झोपडीत येसू नावाची मुलगी राहायची. एकटी. म्हणजे अगदी एकटी हं! आई तिला आठवतच नव्हती, आणि बा गेल्या पावसाळ्यात तापानं गेला. त्याची छोटी कुऱ्हाड आणि लाकडाच्या पळ्या करायची कला, एवढंच काय ते मागे राहिलं.

येसू कुऱ्हाड पात्याजवळ, अगदी मानेशी धरायची आणि ओलं लाकूड हलके हलके तासायची. टक् टक् टक्! पिवळ्या-पिवळ्या ढलप्या भुर्रकन उडायच्या. आधी दांडा निघायचा, मग गोल पोट निघायचं, आणि शेवटी वाकड्या पात्याच्या सुरीनं ती त्यात इवलीशी वाटी कोरायची. बाजारच्या दिवशी बायका पळ्या घ्यायच्या, टोपलीत मूठभर तांदूळ टाकायच्या. "किती गुळगुळीत केलीयेस गं!" म्हणायच्या आणि निघून जायच्या. पुढच्या बाजारापर्यंत येसूशी कुणी चकार शब्द बोलायचं नाही. संध्याकाळी ती भात रांधायची आणि नुसती भांड्याकडे बघत बसायची. पोटात भूक असायची, पण एकटीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. तुम्हीच सांगा, उतरेल का?

एका सकाळी लाकूड संपलं, म्हणून येसू रानात गेली. शिवणीचं झाड पिवळ्या फुलांनी लखलखत होतं. त्याची एक फांदी छान वाकडी होती. वाकडी फांदी म्हणजे पळीवाल्यांचा खजिनाच! फांदीचा बाक तोच पळीचा बाक, मग पळी कशाला मोडतेय? येसूनं कुऱ्हाड उगारली आणि थबकली. बेचक्यात एक वाटीएवढं घरटं होतं, आणि आत निळ्या ठिपक्यांची चिमुकली अंडी.

"राहू दे बाई," येसू घरट्याकडे बघून म्हणाली, "तुमचं तरी घर नांदू दे." तिनं कुऱ्हाड खाली ठेवली. रिकाम्या हातानं परत जायचं म्हणजे या बाजारी तांदूळ नाही, हे तिला ठाऊक होतं.

तोच सगळी फुलं किणकिण वाजू लागली! एका फुलातून एक परी बाहेर आली. बोटाएवढी. पंख ढलपीसारखे पातळ आणि सोनेरी, झगा केशरी, आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळा पराग.

"ही बघ, खाली वाऱ्यानं पाडलेली ओली फांदी घे, येसू," परी म्हणाली. "हिची पळी कर. पळीत तुला हवं ते मागून घे. पण जे मागशील ते पळीत मावलं पाहिजे हं."

येसूचे डोळे भरून आले. "मला कुणीतरी माणूस हवंय. माणूस मावेल?"

"नाही गं राणी."

"छोटंसं असलं तरी?"

"छोटंसं असलं तरी नाही. आणि ऐक. पळीला तडा गेला तर तिच्यात काही थांबणार नाही. पळी पालथी केलीस तर आत असेल ते सांडून जाईल. मग मलाही ते भरता येणार नाही."

येसूनं फांदी घरी आणली, मधोमध चिरून दोन फाळ्या केल्या आणि एकीची पळी तासली. आता ओली पळी ढलप्यांत पुरून सावलीत सावकाश वाळवायची असते. हे येसूला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण एकटं माणूस फार उतावळं होतं. तिनं पळी चुलीजवळ ठेवली. थोड्या वेळानं आवाज आला, कट्! वाटीपासून दांड्यापर्यंत तडा. येसू ती पळी मांडीवर घेऊन खूप रडली.

दुसरी पळी मात्र तिनं ढलप्यांत पुरली आणि वाट पाहिली. रोज उकरून बघावंसं वाटायचं, पण हात मागे घ्यायची. आणि विचार करायची. माणूस मावत नाही, मग माणसाचं मावतं तरी काय?

पळी कोरडी खडखडीत झाली, तेव्हा तिचा विचार पक्का झाला होता. पळी ओंजळीत धरून ती म्हणाली, "मला माझ्या बाची हाक हवी."

पळी ऊबदार झाली. येसूनं ती कानाला लावली, आणि आतून बारीकसा, पण अगदी खरा आवाज आला: "ये गं बाय, जेवायला ये!"

त्या दिवसापासून येसू रोज संध्याकाळी पळी कानाला लावायची आणि मगच ताटावर बसायची. घास उतरू लागला. झोपताना पळी उशाशी, चुकूनही पालथी होऊ नये म्हणून मऊ चिंधीत बसवलेली. जगात तिच्याकडे तेवढंच होतं हो.

एका पहाटे रान धुक्यानं गच्च भरलं. स्वतःचा हात स्वतःला दिसेना. आणि धुक्यात कुठूनतरी एका बाईचा आकांत ऐकू आला, "गजरेऽ! अगं माझी गजरी कुठं गेली?" पलीकडच्या पठारावर म्हशी घेऊन ठकूबाई नव्यानंच राहायला आली होती. तिची तीन वर्षांची गजरी रेडकामागं चालत रानात शिरली होती, आणि झोपडीच्या पुढंच तर खोल दरी!

येसू दारात आली. दरीच्या बाजूनं बारीक रडं येत होतं. "थांब गं! इकडं ये!" तिनं जीव खाऊन हाका मारल्या. पण एकटीनं राहून राहून तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की धुक्यानं तो गिळूनच टाकला. रडं आणखी दरीकडे सरकलं.

येसूनं पळी छातीशी धरली. "नको, नको," असं तिचं मन म्हणत होतं. तिनं पळी शेवटची कानाला लावली, डोळे मिटले आणि पळी पालथी केली.

"ये गं बाय! जेवायला ये!" सगळं रान त्या हाकेनं भरून गेलं. झाडं थरथरली, डोंगरानं हाक झेलून परत दिली. रडं थांबलं. मग पाचोळ्यावर इवली इवली पावलं वाजली, आणि चिखलानं माखलेली गजरी धुक्यातून येऊन येसूच्या पायांना बिलगली.

येसूनं पळी कानाला लावून पाहिली. काही नाही. नुसतं लाकूड.

तेवढ्यात खांद्यावर परी उतरली. "मला ती भरून देता येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "पण वाट तर दाखवता येते." तिचे पंख उजळले, झगा उजळला, आणि बघता बघता परी नुसता सोनेरी उजेड होऊन रानभर पसरली. धुकं वितळलं. परी पुन्हा दिसली नाही, पण त्या उजेडात पायवाटेनं धावत येणारी ठकूबाई दिसली.

तिनं गजरीला उचललं, मुके घेतले, एक धपाटाही घातला. मग तिनं येसूकडे पाहिलं. "हाक कुणी मारली गं?"

"माझ्या बानं."

"कुठं आहे तो?"

"नाही आता," येसू म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली. ठकूबाईनं एका हातानं गजरीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं येसूचं मनगट धरलं आणि सरळ पठाराची वाट धरली. ताक, भाकरी, लसणाची चटणी. येसूनं इतक्या भाकऱ्या खाल्ल्या, की गजरी तोंडाकडे बघतच राहिली!

येसू अजूनही पळ्या करते. पण आता संध्याकाळ झाली, की पठारावरून ठकूबाई खणखणीत आवाजात ओरडते, "येसेऽ! कुठं उलथलीस गं? कालवण निवतंय इथं! येतेस की येऊ काठी घेऊन?" आणि येसू कुऱ्हाड ओंडक्यावर टाकून, हसत हसत धूम पळत सुटते.

एवढीच गोष्ट. ऐकणाऱ्यांचं ताट गरम राहो, आणि सांगणारीला आता कुणीतरी घोटभर पाणी द्या रे.