वेणूताईंचा पाळणा

ऐका हो बायांनो, एका पाळण्याची गोष्ट. आमच्या आळीतल्या वेणूताई दर रामनवमीला रामजन्माचा नवा पाळणा रचतात. मुलं परदेशी, यजमान देवाघरी. संध्याकाळी घरात सोबतीला तेवढे शब्दच.

यंदा देवळाचे विश्वस्त नानासाहेब खांबेटे प्रदक्षिणा घालता घालता हातातला फोन दाखवत सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, आता तुमचा पाळणा नको. एआयनं चुटकीसरशी लिहून दिलाय. महिनाभर डोकं कशाला शिणवता?"

वेणूताईंचा चेहरा उतरला. तरी हात जोडून त्या म्हणाल्या, "नानासाहेब, प्रदक्षिणा पुरी झाली की तुम्ही कुठं पोचणार?"

"कुठं म्हणजे? निघालो तिथंच!"

"मग बसून राहा की! पायांना त्रास कशाला?"

बायका पदराआड हसल्या. नानासाहेब थबकले. "अहो, प्रदक्षिणा काय कुठं पोचायला घालतात?"

"मग पाळणा तरी काय नुसता लिहून व्हायला रचतात?"

नानासाहेबांनी फोन खिशात टाकला. "बरं बाई, तुमचाच गाऊ. कधी देताय?"

"नवमीलाच देईन," वेणूताई हळूच म्हणाल्या. "लवकर संपला, तर घरात मी पुन्हा एकटीच."

रामराया, त्यांची रोज एखादी ओळ अडू दे रे बाबा!