मिटकीचं झोपेचं चित्र

मिटकी होती उंदराचं पिल्लू. इवलीशी. शेपटी मात्र लांबच लांब.

शेताच्या बांधाला तिचं बीळ. बिळात एक भिंत. भिंतीवर ओलीचा एक डाग. दुपारी मिटकी त्याच्याकडे बघत पडायची. डागाचा कधी ढग व्हायचा. कधी मासा व्हायचा. बघता बघता डोळे मिटायचे. गुडूप!

एक दिवस आईने बीळ सारवलं. सप् सप् सप्! भिंत झाली कोरी.

"आई, माझं चित्र कुठे गेलं?"

"चित्र कसलं? डाग होता तो. मी सारवून टाकला."

"ते माझं झोपेचं चित्र होतं! आता मला झोप कशी येणार?"

आईने तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, "चुकलंच गं माझं. असं कर, नवं चित्र तूच काढ. प्राजक्ताचे देठ चुरडले, की छान केशरी रंग निघतो."

तुरुतुरु तुरुतुरु मिटकी निघाली.

"प्राजक्ता, प्राजक्ता, फुलं दे ना.
भिंत कोरी, झोप येईना!"

प्राजक्त म्हणाला, "फुलं पानांत अडकलीत. वारा आला, तरच पडतील."

तुरुतुरु तुरुतुरु. वारा गवतात लोळत होता.

"वारेदादा, वारेदादा, ऊठ ना.
फूल पडेना,
भिंत कोरी, झोप येईना!"

वाऱ्याने जांभई दिली. "आऽऽऽ! कोंबडा आरवला, तरच उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु. कोंबडा कुंपणावर बसला होता.

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, आरवा ना.
वारा उठेना,
फूल पडेना,
भिंत कोरी, झोप येईना!"

कोंबडा म्हणाला, "ख्खॉक! घसा सुकलाय गं. ओढ्याने पाणी दिलं, तरच आरवेन."

तुरुतुरु तुरुतुरु. ओढा नुसता पाझरत होता.

"ओढेबाबा, ओढेबाबा, वाहा ना.
कोंबडा आरवेना,
वारा उठेना,
फूल पडेना,
भिंत कोरी, झोप येईना!"

ओढा म्हणाला, "काय करू, पोरी? वाटेत दगड अडकलाय. खेकड्याने तो सरकवला, तरच वाहीन."

तुरुतुरु तुरुतुरु. खेकडा चिखलात पाय आपटत होता.

"खेकडेमामा, खेकडेमामा, दगड सरकवा ना.
ओढा वाहेना,
कोंबडा आरवेना,
वारा उठेना,
फूल पडेना,
भिंत कोरी, झोप येईना!"

"दगडबिगड नंतर!" खेकडा ओरडला. "सकाळपासून पाठ खाजतेय माझी. एवढ्या मोठ्या नांग्या, पण एक पाठीला पोचेल तर शपथ! कुणी पाठ खाजवली, तरच दगड सरकवेन."

मिटकीने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. मग मागे पाहिलं.

शेपटी! लांबच लांब!

खसखस खसखस, मिटकीने शेपटीने पाठ खाजवली.

"आहाहा! जरा डावीकडे. हां, तिथेच, तिथेच!"

मग काय! खेकड्याने दगड सरकवला. घर्रर्र!
ओढा वाहिला. खळखळ!
कोंबडा पाणी प्याला. कुकूऽऽचकू!
वारा उठला. सूंऽऽऽ!
फुलं पडली. टप टप टप!

मिटकीने देठ चुरडले. रंग निघाला, केशरी केशरी.

शेपटी रंगात बुडवली. भिंतीवर फिरवली. एक गोल. एक वळण. अजून एक वळण. एक थेंब ओघळला. तो तसाच राहू दिला.

आईने मान तिरकी केली. "छान आहे गं! पण हे आहे तरी काय?"

"तुला दिसेल ते," मिटकी म्हणाली. "पडून बघ ना."

आई आडवी झाली. "अगंबाई, होडी दिसतेय. आता... आता ढग... आता..."

घुर्र, घुर्र. आईच झोपली!

मिटकी तिच्या कुशीत शिरली. केशरी ढग हळूच हलला. केशरी मासा हळूच पोहला.

ओढा वाहतोय,
फूल पडतंय,
भिंत रंगली,
मिटकीला झोप लागली.

गुडूप!