लिंबाजीचं उबदार घर

घाटमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा, की कुणी 'जरा थांब' म्हटलं, तर 'चल' म्हणेपर्यंत तिथंच उभा. घर पणजोबाच्या वेळचं. भिंती दगडामातीच्या, चांगल्या जाड. पण थंडीत कुठून कुठून वारा घुसायचा आणि दात वाजायचे.

मागच्या थंडीत सासरे दगडोबा कुडकुडत परत गेले, ते बजावूनच. "जावईबापू, पुढच्या खेपेला घर असंच गार लागलं, तर लेक माहेरी नेईन."

लिंबाजीचा बायकोवर भारी जीव. तो घाबरला.

यंदा सासरे यायच्या दिवशी त्यानं चुलीत ओलीसुकी सगळी लाकडं कोंबली. घरभर धूर. बायको कौसा खोकत म्हणाली, "अहो, धूर झाला की वरची कौलं सरकवायची!"

"आत्ता कळलं!" लिंबाजी म्हणाला.

सासरे आले. ओसरीवर टेकले, चिलीम पेटवली. धूर निघाला. लिंबाजी तडक छपरावर चढला आणि त्यांच्या डोक्यावरची कौलं काढून मोकळा झाला. गार वारा थेट सासऱ्यांच्या पागोट्यात.

कौसानं कपाळावर हात मारला. "अहो, वारा कुठून येतो ते बघायचं आणि तिथं चिखल थापायचा!"

"आत्ता कळलं!"

दुपारी सासरे आत घोंगडी ओढून झोपले. घोरू लागले. लिंबाजी ऐकतो, तर वारा शीळ घालतोय! बोट लावून पाहिलं. दोन भोकं. त्यानं चिखल आणला आणि दोन्ही छान गुळगुळीत लिंपून टाकली.

सासरे उठले ते शिंकतच. सगळा चिखल लिंबाजीच्या तोंडावर. "कौसे, बांध गाठोडं! भाकरी खाऊन निघायचं!"

कौसाला रडू आलं आणि हसूही आलं. "अहो, माणसाला नसतं लिंपायचं! घरातली ऊब बाहेर पळते ना, ती वाट बंद करायची."

"आत्ता कळलं!"

लिंबाजी बाहेर जाऊन पाहू लागला. दार उघडलं की ऊब भसकन बाहेर! चोर सापडला. त्यानं दगड आणले, माती कालवली आणि पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, सगळं बाहेरून चिणून टाकलं.

आत जेवणं झाली. सासऱ्यांनी गाठोडं उचललं, दार ओढलं. समोर भिंत.

"जावईबापू, वाट कुठंय?"

"बुजवली, मामा! सगळी ऊब तिथनंच पळत होती. आता गार लागतंय का?"

"घाम फुटलाय!"

"मग लेक नेणार?"

"कुठनं नेऊ?"

लिंबाजीनं आनंदानं उडी मारली. कौसा राहिली! तेवढ्यात पोटात कावळे ओरडले. त्यानं नव्या भिंतीवर थाप मारली.

"कौसे, माझं ताट वाढ. आणि तेवढं सांग, मी आत कुठनं येऊ?"