खडपातले पाहुणे

कोकणच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी, गाबीत मच्छीमारांची छोटीशी वाडी होती. वाडीसमोर पाण्याखाली एक लांबलचक खडक पसरलेला होता. त्याला सगळे खडप म्हणत. खडपाच्या कपारींत तांबोशी, गोबरा असे नाना जातींचे मासे राहत, आणि त्या माशांवर वाडीची चूल पेटत असे.

नारळी पौर्णिमा झाली म्हणून लगेच जाळी टाकायची, असा तिथला रिवाज नव्हता. आधी वाडीचा पाणबुड्या झिलू खडपावर उतरायचा. एक मासा दिसला की एक शिंपली पिशवीत टाकायची, असं त्याचं मोजणं. मग ती पिशवी देवळातल्या तराजूत गेल्या वर्षीच्या पिशवीसमोर ठेवत. यंदाची जड भरली तर जाळी टाकायची, हलकी भरली तर वर्षभर खडपाला हात लावायचा नाही. वाडवडिलांनी घालून दिलेली ही रीत होती आणि तिने कधी दगा दिला नव्हता.

एकदा परमुलखातलं एक गलबत खाडीत आलं. त्याचा नांगर खडपात अडकला. झिलूने बुडी मारून तो सोडवला. गलबतावरच्या लोकांनी खूश होऊन त्याला एक पिंप दिलं. पिंपात जिवंत मासे होते. अंगावर नारिंगी पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, असे देखणे मासे वाडीने जन्मात पाहिले नव्हते. झिलूला त्यांची दया आली. त्याने ते नेऊन खडपावर सोडून दिले.

पट्टेऱ्यांना खडप मानवला. वर्षा-दोन वर्षांत त्यांची पिलावळ वाढली. लोक म्हणू लागले, हे देवीचे पाहुणे, यांना कुणी धरायचं नाही. आणि पाहुणे आणले कोणी? झिलूने! तेव्हापासून पौर्णिमेचा पहिला नारळ समुद्राला वाहायचा मान झिलूला मिळाला. मान मिळाल्यावर माणसाची मान जरा ताठ होतेच, तशी झिलूचीही झाली. तो रोज मूठभर कोलंबी घेऊन खाली जाई आणि पट्टेऱ्यांना हातावर खाऊ घाली.

पिशवी दरवर्षी जड भरू लागली. जाळी मात्र दरवर्षी हलकी होऊन वर येऊ लागली. हे काय गौडबंगाल आहे, ते कुणालाच उमजेना. कुणी म्हणालं जाळ्यांची वीण सैल झाली, तर बायकांनी बसून सगळी जाळी नव्याने विणली. कुणी म्हणालं शेजारच्या वाडीचे लोक चोरून मासे नेतात, तर त्यांच्याशी भांडण उकरून काढलं. पुजाऱ्याने कोंबडा सांगितला. कोंबडा गेला, मासे काही आले नाहीत.

वाडीच्या होड्यांचा म्होरक्या, तांडेल नारोबा, म्हातारा आणि शांत माणूस. त्याने एक दिवस झिलूला बाजूला घेतलं.

"पिशवी जड आणि जाळी हलकी. ह्यां कसां काय रे?"

"माका कळना नाय, तांडेलानू," झिलू म्हणाला. आणि ते खरंच होतं. त्याने आपल्या डोळ्यांनी मासे पाहिले होते, आपल्या हाताने शिंपल्या टाकल्या होत्या. डोळे खरे, शिंपल्या खऱ्या, मग घरातली हंडी रिकामी का? त्याचं डोकं भणाणून गेलं. तो पुन्हा बुडी मारून आला. पुन्हा मासेच मासे. आता आपल्यालाच काहीतरी बाधलंय, असं त्याला वाटू लागलं.

त्या दिवशी बायकोने, शेवंतीने, त्याच्यापुढे नुसती पेज आणि मीठ ठेवलं. ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "इतके मासे बघतंस, त्यात तांबोशी किती होती?"

ते झिलूला ठाऊकच नव्हतं. मासा दिसला की शिंपली, एवढंच तो जन्मभर करत आला होता. कुठला मासा, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही पाहिलं नव्हतं.

पौर्णिमा जवळ आली तेव्हा तो दोन रंगांच्या शिंपल्या घेऊन उतरला. जुन्या माशाला पांढरी, पट्टेऱ्याला काळी. वर येऊन त्याने पिशवी उपडी केली, तर सगळा काळा ढीग. त्यात पांढऱ्या हुडकाव्या लागत होत्या. तो तसाच परत खाली गेला आणि या वेळी एका जागी गप्प थांबला. पट्टेऱ्याने आपले पर पसरले, तांबोशीची बारकी पिल्लं कपारीच्या कोपऱ्यात कोंडली आणि एकेक करून गिळली. तांबोशीला हा शत्रू ठाऊकच नव्हता. ती पळालीसुद्धा नाही.

गोंधळ फिटला, पण झिलूला त्याने बरं वाटलं नाही. आता त्याला भीती वाटू लागली. गप्प राहिलं तर पिशवी जड भरेल, जाळी पडतील, उरलीसुरली तांबोशीही जाईल. पण नारळाचा मान राहील. बोललं तर खडप कदाचित वाचेल, आणि आपण वाडीच्या मनातून उतरू. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

पौर्णिमेला देवळात पिशवी तराजूत ठेवली. पारडं धाडकन खाली गेलं. लोकांनी जाळी खांद्यावर घेतलीसुद्धा. तेव्हा झिलूने पुढे होऊन काळ्या शिंपल्या ओंजळी भरभरून बाहेर काढल्या. यंदाच्या पिशवीचं पारडं वर वर जात थेट टांगलं गेलं.

"ह्ये काळे म्हणजे पाहुणे. त्यांनी आपली तांबोशी खाल्ली," तो म्हणाला. "आणि त्यांका मीच सोडलंय."

गर्दीतून कुणीतरी शिवी घातली. नारोबाने झिलूच्या हातातला नारळ काढून घेतला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. झिलूला ते फार लागलं, पण त्याने हात पुढे केला नाही. जाळी घरी गेली. त्या वर्षी वाडीने खाडीतल्या तिसऱ्या-कालवांवर आणि भांडण मिटवून शेजारच्या वाडीकडून उसन्या आणलेल्या सुक्या मासळीवर दिवस काढले. पाहुण्यांना मारायचं ठरलं, आणि सुरुवात झिलूने करायची, असं नारोबाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झिलू भाला घेऊन खाली उतरला. पट्टेऱ्यांनी त्याला ओळखलं. रोजच्यासारखे ते कोलंबीच्या आशेने थेट त्याच्या हाताशी आले. झिलूला क्षणभर वाटलं, भाला टाकून द्यावा. पण त्याने तो मारला. मग श्वास घ्यायला वर आला आणि पुन्हा खाली गेला. पुढे तो म्हातारा होईपर्यंत हेच करत राहिला, कारण पट्टेरी कधी पुरते संपले नाहीत. पण कपारींत तांबोशीची पिल्लं पुन्हा दिसू लागली.

तात्पर्य: भर पडली म्हणून हरखू नये, भर कशाची पडली आणि त्यापायी नाहीसं काय झालं, हे आधी पाहावं. आणि घात आपल्याच हातून झाला असेल, तर तो निस्तरायला आपलाच हात पुढे करावा.