नऊ नंबरचा खांब

“पण साहेब, असं काम आयुष्यात पुन्हा मिळेल का?”

सुमेधनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावरसाहेब दर्ग्याच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बशीर मुजावर म्हणजे पुलांचे इंजिनिअर. चाळीस वर्षं पूल बांधले आणि निवृत्त झाल्यावर गावी आले. नदीकाठच्या पिराची देखभाल त्यांच्या घराण्याकडे आहे, ती आता ते करतात. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, म्हणून अजून रविवारी जाऊन बसतो. तरुण इंजिनिअर त्यांच्याकडे येत असतात. चार गोष्टी शिकायला आलो, असं सगळेच म्हणतात. बहुतेकांना शिफारस हवी असते.

सुमेध वाघचौरेलाही तीच हवी होती. वय सव्वीस, बूट चकचकीत, बगलेत जाडजूड फाईल. घाटाखालून अकरा किलोमीटरचा बोगदा निघणार होता. तिथले मुख्य इंजिनिअर काळसेकर हे साहेबांचे शिष्य. साहेबांनी एक फोन केला की काळसेकर नाही म्हणत नाहीत, हे साऱ्या लाईनीत ठाऊक होतं. मुलाखत शुक्रवारी होती.

त्यानं बोगद्याचे फायदे सांगितले. छोट्या कामावर माणूस दहा वर्षं मोऱ्या आणि गटारंच बांधत बसतो. मोठ्या कामावर दोन वर्षांत परदेशी मशीन हाताळायला मिळतं, नामांकित लोकांबरोबर उठबस होते, तिशीच्या आत माणूस कुठल्या कुठे जातो. तो हे घोकून आला होता, पण त्यात खोटं काही नव्हतं.

“खरं आहे,” साहेब म्हणाले.

सुमेधला वाटलं, जिंकलं. त्यानं लगेच फाईल उघडून पुढे केली.

सध्या तो खाडीवरच्या एका मोठ्या पुलावर होता आणि काँक्रीटची तपासणी त्याच्याकडे होती. खांबात काँक्रीट ओततात, त्यातलंच थोडं वीतभर लोखंडी साच्यात भरून ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनखाली फोडायचे. ठोकळा किती भाराला फुटला, त्यावरून खांब कसा झालाय ते ठरवायचं.

“तीनशे चौऱ्याऐंशी क्यूब, साहेब. एकही फेल नाही.”

साहेबांनी हात झटकले. चष्मा लावला. पानं उलटत गेले, बोटानं एकेक आकडा बघत. बराच वेळ गेला. सुमेध माझ्याकडे बघून हसला. मी काही हसलो नाही, कारण साहेबांचं ते बोट मला ठाऊक होतं. त्या बोटापायी मी दोनदा रडलोय.

“सगळे आकडे सारखेच दिसतात,” साहेब म्हणाले.

“कंट्रोल चांगला ठेवला होता.”

“दोन उन्हाळे गेले. दोन पावसाळे गेले. वाळू ओली आली असेल, कधी सुकी आली असेल. प्लँटचा वजनकाटा बिघडला असेल.”

“ते... होतं थोडंफार.”

“ठोकळ्यांना काहीच कळलं नाही?”

सुमेध बुटांच्या टोकांकडे बघायला लागला.

साहेबांनी फाईल बाजूला ठेवली. पुन्हा शेंगा सोलायला लागले. त्यांची ही जुनी खोड आहे. समोरचा बोलेपर्यंत ते शेंगा सोलतात, आणि शेंगांना काही तोटा नसतो.

शेवटी तो बोलला. आकडे खोटे नव्हते, ही गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. मशीननं दिले तेच लिहिले होते. फक्त काँक्रीट कुठल्या गाडीतून घ्यायचं, ते तो ठरवायचा. सकाळच्या पहिल्या दोन गाड्या चांगल्या असतात, त्यातून घ्यायचा. गाडीच्या मधलं घ्यायचं, साच्यात स्वतः नीट ठासायचं. सगळेच तसं करतात. एक क्यूब फेल गेला की किती पत्रव्यवहार होतो, हे साहेबांना काय सांगायचं?

“सकाळी क्यूब भरून झाले की मग?”

“मग दिवसभर खांब भरतो.”

“मग?”

सुमेधनं घाम पुसला. आणि मग नऊ नंबरच्या खांबाचं निघालं. तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारच्या तीन गाड्या रस्त्यात दीड तास अडकल्या. आल्या तेव्हा काँक्रीट घट्ट होत आलेलं. ड्रायव्हरांनी ते सैल करायला पाणी मारलं; अशानं काँक्रीट कच्चं राहतं. त्यानं बघितलं. खांब अर्धा भरलेला, पंप थांबलेला, वरून फोनावर फोन येत होते. त्यानं ते ओतू दिलं. त्या दिवसाचे क्यूब सकाळीच भरून झाले होते आणि पुढे ते उत्तम निघाले. ही गोष्ट तो आणि ते ड्रायव्हर सोडून कुणालाच माहीत नव्हती.

“पूल काही पडायचा नाही, साहेब. डिझाइनमध्ये तेवढी सूट धरलेली असते.”

“बहुतेक नाही पडणार,” साहेब म्हणाले.

मला वाटलं, आता चांगलाच भडका उडणार. माझ्या वेळी उडाला असता. साहेबांनी नुसती बाजूची काठी उचलली आणि ओट्यावर एका ठिकाणी ठोकली. टणक आवाज आला. हातभर सरकून ठोकली. टणक. मग स्वतः बाजूला सरकले आणि जिथं इतका वेळ बसले होते तिथं ठोकली.

बद्द आवाज आला.

“हा ओटा मी बांधलाय. कॉलेजातून नुकताच सुटलो होतो. इथं पोकळ राहिलंय.”

सुमेध त्या जागेकडे बघत राहिला. “मग दुरुस्त का नाही केलं?”

“अब्बांना सांगितलं होतं. ते म्हणाले, राहू दे. आणि तिथं मला बसवलं...”

साहेब परत तिथंच जाऊन बसले. फाईल मिटून त्यांनी सुमेधच्या मांडीवर ठेवली.

सुमेध उठला. मला वाटलं, निघाला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, खरं सांगतो. असले हुशार मला कधीच आवडले नाहीत. पण तो फाटकाशी थांबला, खिशातून फोन काढला आणि पाठमोरा उभा राहून बोलायला लागला. नऊ नंबर, दुपारच्या गाड्या, पाणी, मी होतो तिथे, असं तुटक तुटक ऐकू येत होतं. मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता.

परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. प्रोजेक्टचे साहेब तोंडाला येईल ते बोलले होते. मंगळवारी खांबाला ड्रिलनं भोक पाडून आतली काँक्रीटची कांडी काढणार, तिला कोअर म्हणतात. ती लॅबमध्ये फोडणार. पास-फेल गुरुवारी कळणार. तोवर सुमेधनं साईटवरून हलायचं नाही. फेल गेली तर त्याचं नाव लेखी वर जाणार.

“आणि शुक्रवारी मुलाखत आहे,” तो म्हणाला. “तुमच्यामुळे मी हे केलं, साहेब. पास झाली तर माझं नशीब. पण फेल गेली तर? बोगदा गेला ना माझा?”

साहेबांनी सोललेल्या शेंगांचे दाणे मूठभर घेऊन त्याच्या हातात दिले.

“फेल गेली तर गुरुवारीच मला कळव. काळसेकरला तुझ्यासाठी फोन करायचाय.”